आकडा लिहिला, पण मोजायचं कसं ते राहिलं

पत्र:

‘ताई, नमस्कार. माझं अ‍ॅल्युमिनियमच्या प्रोफाइलना पावडर कोटिंग करून देण्याचं लहान युनिट आहे. एका मोठ्या ग्राहकाबरोबर चार वर्षं काम चालू आहे. करारात याबाबत एकच ओळ आहे: “लेपाची जाडी किमान ६० मायक्रॉन, पडताळणी खरेदीदाराच्या समाधानाप्रमाणे.” गेल्या महिन्यात त्यांनी ९०० प्रोफाइलचा अख्खा लॉट रिजेक्ट केला. १२ नग मोजले, त्यात सहा ठिकाणी जाडी ६० च्या खाली आली, एका जागी तर ५१. माझ्या रजिस्टरमध्ये त्याच लॉटची सरासरी ६८ आहे. बिल अडकलंय. त्यात नव्या कराराचा मसुदा आलाय आणि त्यात लिहिलंय, “खरेदीदार केव्हाही व कोणत्याही पद्धतीने तपासणी करू शकेल.” पडताळणीचं कलम नीट कसं लिहून घ्यायचं? आणि ते मागितलं तर इतक्या वर्षांच्या नात्यात अविश्वास दाखवल्यासारखं होईल का? – एक उद्योजक’

नमस्कार.

आधी तातडीचं सांगते. तो लॉट स्ट्रिप करू नका, म्हणजे त्यावरचा लेप काढू नका, आणि दुसऱ्यांदा कोटिंगलाही घेऊ नका. ज्या १२ नगांवर त्यांनी मोजलं ते बाजूला काढून, मोजलेल्या जागांवर खुणा करून ठेवायला सांगा. सौजन्यापोटी ‘चूक झाली, सांभाळून घ्या’ असा मेसेज अजून गेला नसेल तर जाऊ देऊ नका, कारण पुढे वाद वाढला तर तोच कागद म्हणून तुमच्यासमोर येतो. ‘दोघांच्या मोजमापात फरक येतोय, तेच नग आपण एकत्र बसून मोजू’ एवढंच लेखी कळवा.

आता मूळ प्रश्न. तुमचे ६८ खरे असतील आणि त्यांचे ५१ सुद्धा खरे असतील. कुणी खोटं बोलत असेल असं मला वाटत नाही. तुमच्या माणसाने बहुधा सपाट, रुंद बाजूवर गेज, म्हणजे जाडी मोजायचं उपकरण, टेकवला. त्यांच्या माणसाने तो खाचेजवळ किंवा कडेजवळ टेकवला असणार. खाचेच्या आत पावडर नीट शिरत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. शिवाय अ‍ॅल्युमिनियमवर चालणारा एडी करंट (विद्युत-चुंबकीय पद्धतीने मोजणारा) गेज अगदी कडेला किंवा गोलाईवर टेकवला तर रीडिंगच बिघडतं. गेज झिरो कशावर केला हाही प्रश्न आहे: त्याच प्रोफाइलच्या कोऱ्या तुकड्यावर, की गेजच्या डबीतल्या सपाट पट्टीवर? एवढ्यानेही आकडा इकडचा तिकडे होतो.

करारात ६० हा आकडा आहे, पण तो कुठे मोजायचा, किती ठिकाणी मोजायचा, कोणत्या उपकरणाने मोजायचा आणि आलेल्या रीडिंगांचं पुढे काय करायचं, यातलं काहीच नाही. मोजायची रीत न लिहिता नुसता आकडा लिहिला की तो अर्धाच लिहिला जातो. उरलेला अर्धा ज्याच्या हातात गेज असतो तो आपल्या सोयीने भरतो, आणि तुमच्या बाबतीत तो ग्राहकाने भरला. उद्या पुरवठादाराच्या जागी तुम्ही नसून दुसरा कुणी चलाख माणूस असता तर त्याने स्वतःला हवा तसा भरला असता. म्हणून हे कलम नीट लिहिण्यात ग्राहकाचंही तितकंच हित आहे, हे त्यांना सांगताना मुळीच संकोच करू नका.

‘किमान ६०’ या दोन शब्दांकडे जरा थांबून पाहू, कारण तुमचं सगळं भांडण तिथेच आहे. याचा एक अर्थ असा की प्रोफाइलवर कुठेही गेज टेकवा, ६० च्या खाली एकही रीडिंग येता कामा नये. दुसरा अर्थ, सरासरी ६० च्या खाली जाता कामा नये. दोन्ही अर्थ मराठीत बसतात, इंग्रजीतही बसतात. या धंद्यात मात्र यावर विचार झालेला आहे. इमारतींच्या अ‍ॅल्युमिनियमवरच्या कोटिंगसाठी क्वालिकोट हे आंतरराष्ट्रीय गुणवत्ता-चिन्ह आहे. त्याची रीत अशी: दिसणाऱ्या, म्हणजे महत्त्वाच्या ठरवलेल्या पृष्ठभागावर प्रत्येक नगावर किमान पाच जागा निवडायच्या, प्रत्येक जागा साधारण एक चौरस सेंटिमीटरची. प्रत्येक जागी तीन ते पाच रीडिंग घ्यायची आणि त्यांची सरासरी म्हणजे त्या जागेची जाडी. मग नगाची सरासरी ठरलेल्या किमान जाडीइतकी हवी, आणि कोणत्याही एका जागेची जाडी तिच्या ८० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. नेहमीच्या पावडरीला किमान ६० असेल तर ८० टक्के म्हणजे ४८.

आता तुमच्यासारखीच उदाहरणं घेऊ. एका नगावर पाच जागांची जाडी ७४, ६६, ५१, ७०, ६४ आली. सरासरी ६५, सगळ्यात कमी ५१. या रीतीने नग पास. दुसऱ्या नगावर ८८, ७२, ४५, ६९, ६६. सरासरी ६८, म्हणजे पहिल्यापेक्षा चांगली, पण एक जागा ४८ च्या खाली, म्हणून नापास. तिसऱ्यावर ५८, ६१, ५७, ६०, ५९: एकही जागा फारशी वाईट नाही, पण सरासरी ५९, म्हणून हाही नापास. तुमच्या ग्राहकाला मिळालेलं ५१ हे जर एकच सुटं रीडिंग असेल तर या रीतीत त्याला ‘जागेची जाडी’ सुद्धा म्हणता येत नाही. मात्र तुमचा माल पास आहे असा निकाल मी देत नाही. तुमच्या करारात या रीतीचं नावच नाही, त्यामुळे ती ग्राहकावर आपोआप लागू होत नाही. आणि तुमच्या रजिस्टरमधली ६८ ही संपूर्ण लॉटची सरासरी असेल तर तिचाही फारसा उपयोग नाही, कारण त्यात एखादा उघडा पडलेला नग बाकीच्यांच्या आड लपू शकतो. नगागणिक नोंद ठेवायला आजपासून सुरुवात करा.

मग नग किती मोजायचे? १२ कुठून आले? बहुधा वरच्या थप्पीतून हाताला लागले ते. नमुना घेण्यासाठी आयएसओ २८५९-१ हे मानक कारखान्यांत सर्रास वापरतात. त्याच्या नेहमीच्या पातळीवर ५०१ ते १२०० नगांच्या लॉटमधून ८० नग काढतात. स्वीकाराची मर्यादा १ टक्का ठरवली असेल तर ८० पैकी दोन नग नापास झाले तरी लॉट घेतात, तीन झाले तर परत. एवढे नग प्रत्येक वेळी मोजणं तुम्हा दोघांनाही जड वाटत असेल तर कमी ठरवा, जाडीसाठी वेगळे आणि रंगासाठी वेगळे ठरवा, हरकत नाही. पण किती नग, ते लॉटमधून कसे उचलायचे आणि किती नापास झाल्यावर लॉट परत जाणार, या तिन्ही गोष्टी आधी लिहिलेल्या हव्यात. ‘किती नापास झाल्यावर’ हा आकडा लोक हमखास विसरतात.

‘समाधानाप्रमाणे’ या शब्दाबद्दल माझं मत कडक आहे: तो काढाच. कायद्यात अशा शब्दाला काही लगाम असतात. समाधान प्रामाणिक हवं, निव्वळ टाळाटाळीसाठी नको, असं बऱ्याच ठिकाणची न्यायालयं मानतात. अमेरिकेत करार-कायद्याचा जो सर्वमान्य गोषवारा वापरतात, त्यातही ‘शहाण्या माणसाचं समाधान झालं असतं का’ ही कसोटी जिथे लावता येईल तिथे लावावी असं म्हटलंय. पण ते समाधान प्रामाणिक नव्हतं हे सिद्ध करायला तुम्हाला वकील, वर्षं आणि पैसा लागेल. एका गेजच्या रीडिंगवर मिटणाऱ्या गोष्टीसाठी हे कशाला?

याच शब्दाचं एक भावंड आहे, तेही सांगून ठेवते. काही करारांत लिहितात, ‘खरेदीदाराने सही केलेलं तपासणी प्रमाणपत्र सादर केल्यावर पैसे मिळतील.’ वाचायला साधं वाटतं. पण लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे ठरलेले कागद दिले की बँक पैसे देईल या हमीवर, माल पाठवणाऱ्यांना याचे चटके माहीत आहेत. तिथे बँका २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या नियमांप्रमाणे चालतात. बँक माल बघत नाही, फक्त कागद बघते, आणि ते तपासायला तिला जास्तीत जास्त पाच बँक-दिवस असतात. ठरलेल्या कागदांत खरेदीदाराच्या सहीचं प्रमाणपत्र असेल आणि त्याने सहीच केली नाही, तर माल कितीही उत्तम असला तरी पैसे निघत नाहीत. पडताळणी कोण करणार आणि निकालाच्या कागदावर सही कोणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरं कलमात हवीत.

माझी एक चूक इथे सांगायला हवी, तुमचं पत्र वाचताना तीच सारखी आठवत होती. सुरुवातीच्या काळात मी एका पुरवठादारासाठी सुकवलेल्या लाकडाचा करार लिहिला होता. ओलावा १२ टक्क्यांपर्यंत, एवढं मी नीट घातलं. कुठे मोजायचा ते घातलं नाही. लाकूड भट्टीतून निघालं तेव्हा ११ टक्के, आणि समुद्रावरचे काही आठवडे काढून उतरलं तेव्हा १५. विक्रेत्याने टोचून बघायच्या मीटरने मोजलं होतं, घेणाऱ्याने तुकडा ओव्हनमध्ये वाळवून, आधीचं आणि नंतरचं वजन करून. दोन जागा, दोन वेळा, दोन पद्धती. त्या माणसाने मला विचारलं, ‘तुम्ही लिहिलेल्या कागदाप्रमाणे बरोबर कोण?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या कागदात ‘माल निघताना, विक्रेत्याच्या आवारात, ओव्हन पद्धतीने’ एवढी एक ओळ असती तरी भागलं असतं. तेव्हापासून कोणताही करार हातात आला की आकड्याच्या पुढे ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ शोधते.

नव्या मसुद्यातल्या ‘केव्हाही व कोणत्याही पद्धतीने’ या शब्दांकडे येऊ. ग्राहकाला तपासणीचा हक्क हवाच, त्याला नाही म्हणू नका. त्या हक्काला वेळ आणि वाट ठरवून मागा. १९८७ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघाने मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं नष्ट करण्याचा करार केला. एकमेकांवर कणभर विश्वास नसलेले दोन पक्ष. तरी अचानक तपासणीसुद्धा त्यांनी ‘केव्हाही’ या शब्दावर सोडली नाही. पथक ठरलेल्या प्रवेश-ठिकाणी पोचण्याआधी किमान १६ तास सूचना, आणि कोणती जागा बघायची हे पथकाने सांगितल्यावर नऊ तासांत तिथे नेऊन पोचवायचं, असे तास त्यांनी मोजून लिहिले. यजमानाला तयारीला वेळ मिळतो, पण लपवाछपवीला पुरेल इतका मिळत नाही. तुमच्या कामात हेच ‘कामाच्या वेळेत, २४ तास आधी लेखी सूचना देऊन, करारात नमूद केलेल्या पद्धतीनेच’ असं होईल. ‘पद्धतीनेच’ मधला ‘च’ सोडू नका.

सूचना दिली, दिवस ठरला आणि त्यांचा माणूस आलाच नाही तर? मोठ्या बांधकामांसाठी वापरल्या जाणाऱ्या फिडिक (सल्लागार अभियंत्यांचा आंतरराष्ट्रीय संघ) च्या नमुना-करारांत याचं उत्तर आहे: इंजिनिअर ठरल्या वेळी आला नाही आणि त्याने वेगळं काही कळवलं नाही, तर ठेकेदाराने चाचणी करावी आणि ती इंजिनिअरच्या समोरच झाली असं धरावं. हे जसंच्या तसं उचला. तसंच मौनाचं: माल पोचल्यावर इतक्या दिवसांत लेखी आक्षेप आला नाही तर दिसणाऱ्या आणि मोजता येणाऱ्या बाबतीत माल स्वीकारला असं समजावं. आंतरराष्ट्रीय विक्रीवरच्या १९८० च्या व्हिएन्ना करारात खरेदीदाराने ‘शक्य तितक्या लवकर’ तपासणी करावी असं म्हटलंय. कायद्याला तसं मोघम बोलावं लागतं, कारण त्याला फळांपासून टर्बाइनपर्यंत सगळं सांभाळायचं असतं. तुम्हाला फक्त प्रोफाइल सांभाळायची आहेत, तेव्हा सरळ दिवस लिहा.

सगळ्याच गोष्टी गेजने मोजता येत नाहीत, आणि इथे बहुतेक करार घसरतात. अभियांत्रिकीत पडताळणीचे चार प्रकार मानतात: पाहणी, चाचणी, प्रात्यक्षिक आणि विश्लेषण. प्रत्येक अटीपुढे यातला कोणता ते लिहायचं असतं. तुमच्याकडे रंगाची छटा म्हणजे पाहणी: मंजूर नमुना-पट्टी शेजारी धरून, ठरावीक प्रकाशात, ठरावीक अंतरावरून. चिकटण्याची ताकद म्हणजे चाचणी: आयएसओ २४०९ प्रमाणे चौकडी कापून टेप ओढायची, शून्य ते पाच अशी श्रेणी. पण ‘ऊन-पावसात रंग टिकेल’ हे माल उतरताना कुणीच तपासू शकत नाही. क्वालिकोटच्या पहिल्या वर्गाच्या पावडरीचे नमुने सुद्धा वर्षभर फ्लोरिडाच्या उन्हात ठेवून बघतात. म्हणून ही अट प्रत्येक लॉटच्या पडताळणीत घेऊ नका. पावडर बनवणाऱ्याचा चाचणी अहवाल आणि वेगळी हमी, असं दोन ठिकाणी ती वाटून टाका. जी गोष्ट पोचवण्याच्या दिवशी तपासता येत नाही ती बिलाला बांधली, की बिल कायमचं ग्राहकाच्या मर्जीवर राहतं.

आणखी एक बारीक पण खरोखर महत्त्वाची गोष्ट. सरासरी ५९.५ आली तर? गेजलाही स्वतःची अनिश्चितता असते, ते आकडे काही दगडावरची रेघ नव्हेत. मापनशास्त्रात यासाठी एक न्याय्य तोडगा आहे, आयएसओ १४२५३-१ मध्ये तो मांडलाय: जो सिद्ध करायला निघालाय त्याच्या विरुद्ध बाजूने अनिश्चितता धरायची. अनिश्चितता दोन मायक्रॉन असेल तर माल पास आहे म्हणणाऱ्या तुम्ही ६२ दाखवायचे, आणि नापास म्हणणाऱ्या त्यांनी ५८ च्या खाली दाखवायचं. तो नियम मुळात यंत्रभागांच्या मापांसाठी लिहिलाय, पण विचार कुठेही चालतो. २०१७ नंतर मान्यताप्राप्त प्रयोगशाळांनाही पास-नापास सांगताना निर्णयाचा नियम कोणता ते आधी ठरवावं लागतं. हे कलमात घालायचं नसेल तर निदान ‘अनिश्चितता विचारात घेतली जाणार नाही, वाचलेला आकडाच धरला जाईल’ असं तरी लिहा. दोन्हीपैकी काहीही चालेल, पण मोकळं सोडू नका.

हे सगळं एकत्र केल्यावर कलम साधारण असं दिसेल. आकडे तुमच्या चर्चेप्रमाणे बदला आणि सही करण्याआधी वकिलाच्या नजरेखालून घाला:

‘लेपाच्या जाडीची पडताळणी माल रवाना होण्यापूर्वी पुरवठादाराच्या आवारात, परिशिष्टातील आराखड्यात खूण केलेल्या महत्त्वाच्या पृष्ठभागावरच, आयएसओ २३६० च्या कराराच्या तारखेस लागू असलेल्या आवृत्तीप्रमाणे केली जाईल. वैध कॅलिब्रेशन प्रमाणपत्र असलेला गेज त्याच प्रोफाइलच्या लेप नसलेल्या तुकड्यावर शून्य करून वापरला जाईल. परिशिष्टात दिलेल्या संख्येइतके नग लॉटमधून यदृच्छेने निवडले जातील. प्रत्येक नगावर पाच जागा व प्रत्येक जागी तीन रीडिंग घेतली जातील. नगाची सरासरी ६० मायक्रॉन किंवा अधिक आणि कोणत्याही जागेची सरासरी ४८ मायक्रॉन किंवा अधिक असल्यास नग योग्य समजला जाईल. परिशिष्टात दिलेल्या संख्येइतके नग अयोग्य ठरल्यास लॉट परत केला जाईल. खरेदीदारास दोन कामाचे दिवस आधी लेखी सूचना दिली जाईल. त्याचा प्रतिनिधी उपस्थित न राहिल्यास पडताळणी त्याच्या उपस्थितीत झाली असे मानले जाईल. माल पोचल्यापासून सात दिवसांत खरेदीदाराने याच पद्धतीने केलेल्या मोजणीच्या नोंदीसह लेखी आक्षेप न घेतल्यास जाडीबाबत माल स्वीकृत समजला जाईल. मतभेद झाल्यास परिशिष्टात नाव दिलेली मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, दोन्ही पक्षांनी मोहोर लावलेल्या नमुन्यांवर, याच पद्धतीने मोजणी करील. तिचा निकाल जाडीबाबत अंतिम असेल व तिचा खर्च ज्याच्या विरुद्ध निकाल जाईल तो पक्ष देईल.’

‘जाडीबाबत अंतिम’ असं लिहिलंय, नुसतं ‘अंतिम’ नाही. प्रयोगशाळेने मायक्रॉन सांगावेत; लॉट उशिरा पोचला का, पैसे किती कापायचे, हे तिचं काम नव्हे. आणि प्रयोगशाळेचं नाव आजच ठरवा. भांडण सुरू झाल्यावर दोन पक्षांचं एका नावावर एकमत होणं फार अवघड जातं. मानकाची आवृत्तीही म्हणूनच बांधून टाकायची, नाहीतर मधेच नवी आवृत्ती येते आणि कोणती धरायची यावर नवा वाद सुरू होतो.

अविश्वासाचं विचारलंत. गोडी असताना हे मागणंच सोपं असतं, कारण कुठला लॉट अडकणार हे तेव्हा दोघांनाही माहीत नसतं, आणि म्हणून दोघंही रीत निष्पक्ष ठरवतात. तुमच्या हातून ती वेळ एका लॉटपुरती निसटली आहे, पुढच्या वर्षासाठी निसटलेली नाही. फक्त क्रम सांभाळा. अडकलेला लॉट आणि नवं कलम एकाच बैठकीत घेऊ नका, नाहीतर दोन्ही गोष्टी एकमेकींच्या बदल्यात दिल्या-घेतल्या जातील. आधी लॉट. त्यासाठी एका पानावर मोजायची रीत लिहा: जागा, रीडिंग, सरासरी, ८० टक्के. दोघांच्या सह्या झाल्यावरच गेज बाहेर काढा. पहिलं रीडिंग घेतल्यानंतर रीत ठरवायला बसलात, तर प्रत्येक जण आपल्या आकड्याला सोयीची रीत सुचवणार.

त्या रीतीने तुमचे काही नग खरोखर नापास झाले तर ते तिथल्या तिथे मान्य करा आणि तेवढेच बदलून द्या. आणि मोजणीला जाताना त्याच प्रोफाइलचा, लेप न दिलेला, हातभर लांबीचा तुकडा विसरू नका. गेज शून्य करायला तोच लागेल, आणि त्यांच्याकडे तो असेलच असं नाही.